मैदान कोणाच्या ताब्यात?

(प्रस्तावना)

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ५ डिसेंबर १९२१ रोजी केलेला ठराव नीट वाचला, तर स्त्रियांनी फुटबॉल खेळू नये असा हुकूम त्यात कुठेच सापडत नाही. ठराव होता क्लबांसाठी. असोसिएशनशी संलग्न असलेल्या क्लबांनी आपली मैदानं स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नयेत, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यासाठी दोन कारणं दिली होती. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही, हे एक. आणि मदतनिधीसाठी भरवलेल्या सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा हिस्सा खर्चापोटी जातो, हे दुसरं. पहिल्या कारणाला दुजोरा द्यायला डॉक्टरमंडळी पुढे आली आणि त्यांत डॉ. मेरी शार्लिब यांच्यासारख्या नामवंत स्त्री-डॉक्टरही होत्या.

मैदान काढून घेतलं की खेळावर वेगळी बंदी घालावी लागत नाही. महिला फुटबॉलच्या जवळपास दीडशे वर्षांकडे या पुस्तकात मी याच बाजूने पाहिलं आहे. बायका खेळायला तयार आहेत का, लोक बघायला येतील का, हे प्रश्न फार लवकर निकाली निघाले होते. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असंच आलं होतं. भांडण उरलं ते सातबाऱ्याचं: मैदान कोणाच्या ताब्यात, वेळापत्रक कोणी ठरवायचं आणि गल्ला कोणी मोजायचा. म्हणून इथे वाढीची सरळ चढती रेष शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. आज ज्याला या खेळाची भरभराट म्हणतात, तिच्यातलं बरंच काही शंभर वर्षांपूर्वी एकदा उभं राहिलं होतं. ते पाडलं गेलं.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. मे १८८१ मध्ये एडिंबरात ‘इंग्लंड’ आणि ‘स्कॉटलंड’ अशी नावं घेतलेल्या स्त्रियांच्या दोन संघांत सामना झाला. काही दिवसांनी ग्लासगोत हेच संघ खेळत असताना प्रेक्षक मैदानात घुसले आणि खेळाडूंना घोड्यांच्या बसमधून पळ काढावा लागला. मग २३ मार्च १८९५ ला लंडनच्या क्राउच एंड भागात ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लबचा पहिला जाहीर सामना झाला. त्याला सुमारे १०,००० लोक आले होते. क्लबची सूत्रं नेटी हनीबॉल या बाईंकडे होती. नाव बहुधा टोपण. अध्यक्ष होत्या लेडी फ्लॉरेन्स डिक्सी. या बाईंनी पॅटागोनियाचा प्रवास केला होता आणि आफ्रिकेतून युद्धवार्ताही पाठवल्या होत्या. वर्तमानपत्रांनी खेळापेक्षा खेळाडूंच्या कपड्यांवर जास्त शाई खर्च केली. ती सवय अजून पुरती गेलेली नाही.

खरी कहाणी सुरू होते पहिल्या महायुद्धात, लँकेशायरमधल्या प्रेस्टन या गिरणगावात. तिथे डिक, कर अँड कंपनीचा ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवणारा कारखाना होता. युद्ध पेटल्यावर तिथे दारूगोळा बनू लागला. पुरुष आघाडीवर गेले आणि त्यांच्या जागी बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या कारखान्याच्या आवारात चेंडू खेळत. कचेरीतल्या आल्फ्रेड फ्रँकलंड नावाच्या कारकुनाने ते खिडकीतून पाहिलं आणि संघ बांधला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर या संघाचा सामना दुसऱ्या एका कारखान्यातल्या बायकांशी झाला. १०,००० लोकांनी तिकीट काढलं, डिक-कर संघ ४-० असा जिंकला आणि जमलेले पैसे जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी गेले.

पुढच्या चार वर्षांत या संघाने जे केलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे, म्हणून पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यालाच दिलं आहे. १९२० मध्ये फ्रान्सचा स्त्री-संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. त्याला घेऊन आल्या होत्या आलिस मिलिया; पुढे स्त्रियांना ऑलिंपिकची दारं उघडावीत म्हणून झगडल्या त्या याच. त्याच वर्षी डिसेंबरात डीपडेलवर रात्रीचा सामना झाला. तेव्हा मैदानावर दिवे कुठले? विमानं शोधायला वापरत ते लष्कराचे दोन झोतदिवे मागवले गेले आणि त्यासाठी युद्धखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांची परवानगी मिळवली. अंधारात चेंडू दिसावा म्हणून तो पांढरा रंगवला होता. १२,००० लोक थंडीत उभे राहून तो सामना पाहत होते. दहाच दिवसांनी, २६ डिसेंबर १९२० ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या संघाविरुद्ध ५३,००० लोक आत होते आणि हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर अडकले होते. ३,००० पौंडांहून अधिक निधी जमला. खेळाडूंना दर सामन्याला दहा शिलिंग भत्ता मिळे. कारखान्यातली रजा त्यातूनच भरून काढायची.

या संघाची लिली पार ही सेंट हेलेन्सची, मजुराची मुलगी. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी संघात आली. उंच, डाव्या बाजूने खेळणारी, आणि तिच्या डाव्या पायाच्या फटक्याबद्दल इतक्या कथा आहेत की त्यांतल्या निम्म्या सोडल्या तरी उरलेल्या पुरेत. तिने मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिकेची नोकरी केली आणि तीस वर्षांहून जास्त काळ ती खेळत राहिली. १९७८ मध्ये ती गेली. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या मानकऱ्यांच्या यादीत पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घातलं ते २००२ मध्ये.

मग असा संघ असोसिएशनला नकोसा का झाला? पुरुषांचा जळफळाट हे सोपं उत्तर आहे, आणि ते मला अपुरं वाटतं. युद्ध संपलं होतं, पुरुष परतले होते आणि १९२० व १९२१ या दोन वर्षांत फुटबॉल लीगने तिसऱ्या श्रेणीचे नवे गट जोडले होते. या नव्या क्लबांना प्रेक्षक हवे होते, आणि शनिवारचा प्रेक्षक खिशातल्या एका शिलिंगाचे दोन करू शकत नव्हता. त्यात १९२१ मध्ये खाणमालकांनी कामगारांना टाळं ठोकलं. तेव्हा स्त्रियांच्या संघांनी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळून पैसे उभे केले. जखमी सैनिकांसाठी खेळणाऱ्या बायका सर्वांनाच चालत होत्या. टाळेबंदीतल्या कामगारांसाठी खेळणाऱ्या चालल्या नाहीत. यांतल्या कोणत्या कारणाचं वजन किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला विचाराल तर गल्ल्याचं कारण सर्वांत जड.

ठरावानंतर खेळ थांबला नाही, पण तो मोठ्या मैदानांवरून हटला आणि रग्बीच्या मैदानांवर, बागांत, कुत्र्यांच्या शर्यतींच्या आवारांत गेला. १९२२ मध्ये डिक-कर संघ बोटीने अमेरिकेला गेला. कॅनडात त्याला खेळू दिलं नाही. अमेरिकेत गेल्यावर कळलं की समोरचे संघ पुरुषांचे आहेत. बायका त्यांच्याशीही खेळल्या आणि काही सामने जिंकल्याही. हाच संघ पुढे ‘प्रेस्टन लेडीज’ या नावाने १९६५ पर्यंत टिकला. असोसिएशनने मैदानांवरची बंदी उठवली त्याच्याही पाच-सहा वर्षं आधी तो बंद पडला होता.

इंग्लंडचं अनुकरण इतरांनी आपापल्या पद्धतीने केलं. ब्राझीलने तर १९४१ मध्ये कायदाच केला: स्त्रियांच्या प्रकृतीशी न जुळणारे खेळ त्यांना खेळता येणार नाहीत. ज्या देशात पेले घडला, त्या देशात १९७९ पर्यंत मुलींनी फुटबॉल खेळणं हा कायद्याचा भंग होता. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये बंदी घातली आणि १९७० मध्ये उठवली. उठवतानाही सामन्याचा वेळ कमी, चेंडू हलका आणि स्टडचे बूट नकोत अशा अटी लावल्या. याच संघटनेच्या महिला संघाने १९८९ मध्ये युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा बक्षीस म्हणून प्रत्येकीला कॉफीच्या कपबशांचा सेट मिळाला. हा विनोद मी रचलेला नाही. तो सेट आज जर्मनीत इतिहासाचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

डिक-कर संघाइतकंच मोठं, आणि त्याहून जास्त विसरलं गेलेलं पान म्हणजे १९७१ ची मेक्सिकोतली स्पर्धा. १९७० मध्ये इटलीत एका मद्य-कंपनीच्या पैशावर स्त्रियांची जागतिक स्पर्धा भरली होती. पुढच्या वर्षी ती मेक्सिकोला गेली. फिफाची मान्यता नव्हती, आणि मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाने आपल्या क्लबांना मैदानं देण्यापासून रोखलं. मग सामने कुठे झाले? मेक्सिको सिटीचं अझ्तेका आणि ग्वादालाहाराचं हालिस्को ही दोन स्टेडियमं खासगी ताब्यात होती; महासंघाचा हुकूम तिथे चालत नव्हता. आयोजकांनी गोलपोस्ट गुलाबी रंगवले, जाहिराती केल्या, सामने दूरचित्रवाणीवर दाखवले. अंतिम सामन्याला अझ्तेकात सुमारे १,१०,००० लोक होते. डेन्मार्कने मेक्सिकोला ३-० ने हरवलं आणि तिन्ही गोल सुसाने ऑगस्टेसेन या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. अंतिम सामन्याआधी मेक्सिकोच्या खेळाडूंनी उत्पन्नात आपला वाटा मागितला, तर वर्तमानपत्रांनी त्यांना लोभी ठरवलं. इंग्लंडहून हॅरी बॅट नावाच्या बसचालकाने एक संघ नेला होता. विमानतळावर छायाचित्रकारांनी गराडा घातलेल्या या मुली मायदेशी परतल्या, तेव्हा त्यांच्यावर काही महिन्यांची बंदी आली, आणि बॅट यांना फुटबॉलपासून कायमचं दूर केलं गेलं.

मेक्सिकोनंतर हवा बदलली. खासगी व्यावसायिक हा खेळ पळवून नेतील हे दिसल्यावर राष्ट्रीय संघटनांना तो आपल्या छत्राखाली घ्यावासा वाटला. त्याला उदारपणा म्हणणं मला जड जातं. ताबा घेतल्यावरही पंधरा वर्षं फारसं काही झालं नाही. १९८६ मध्ये मेक्सिकोतल्याच फिफाच्या सभेत नॉर्वेच्या एलेन विल्ले उभ्या राहिल्या आणि स्त्रियांचा विश्वचषक का नाही, असं त्यांनी भर सभेत विचारलं. त्यानंतर १९८८ मध्ये चीनमध्ये चाचणी-स्पर्धा आणि १९९१ मध्ये तिथेच पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. फिफाने तिला ‘विश्वचषक’ म्हणायचं टाळलं, नावात गोळ्या-चॉकलेटच्या एका कंपनीचा ब्रँड घातला आणि सामने ८० मिनिटांचे ठेवले. जणू उरलेली दहा मिनिटं बायकांना झेपली नसती. अमेरिकेने नॉर्वेला २-१ ने हरवलं. अमेरिकेचा संघ आकाशातून पडला नव्हता. १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना खेळात मुलींशी भेदभाव करायला मनाई केली होती. मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती हक्काने मिळालेल्या मुलींची ती पहिली पिढी होती.

पुढचं बहुतेक वाचकांना माहीत आहे. १९९९ च्या अंतिम सामन्याला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक होते. एप्रिल २०२२ मध्ये बार्सेलोनाच्या कँप नोऊवर ९१,६४८. ‘विक्रमी गर्दी’ असे मथळे आले. अझ्तेकाची आठवण त्या मथळ्यांना नव्हती, कारण तो सामना अधिकृत नोंदीत नाही.

आता आपल्याकडे.

भारतात अशी बंदी कोणी घातली नाही. तिची गरजच पडली नाही, असं मला खेदाने लिहावं लागतं. १९७५ मध्ये विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया ही स्वतंत्र संघटना उभी राहिली. ईस्ट बंगालचे पहिले प्रशिक्षक सुशील भट्टाचार्य यांनी देशाच्या पहिल्या महिला संघाला शिकवलं. जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई स्पर्धा झाली. तिथे भारत चिनी तैपेईकडून हरून उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता, या वेळी थायलंडकडून हरून. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला. गोव्याच्या योलांडा डिसूझा याच पिढीतल्या. चीन आणि उत्तर कोरिया तेव्हा या स्पर्धेत उतरत नव्हते हे खरं, पण आशियात दुसरं येणं ही लहान गोष्ट नव्हती.

नव्वदच्या दशकात महिला फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला. छत्र मोठं मिळालं, सामने मिळाले नाहीत. २००९ मध्ये अशी वेळ आली की अठरा महिन्यांत एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्याने भारतीय महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून निघालं. हरल्यामुळे खाली जाणं समजू शकतं. इथे खेळलोच नाही म्हणून गळालो.

या काळात खेळ जिवंत ठेवला तो मणिपूरने. ओइनम बेमबेम देवी तिथल्या, एन. बाला देवी तिथल्या, आणि राष्ट्रीय स्पर्धेची वीसहून अधिक विजेतेपदंही तिथली. याची कारणं शोधायला रक्तात किंवा डोंगराच्या हवेत जायला नको. गावागावांत क्लब आहेत, याओशांगच्या सणात वस्तीवस्तीत खेळांच्या स्पर्धा होतात आणि चांगल्या खेळाडूला पोलीस दलात नोकरी मिळू शकते. पंचविशीत संसार आणि सराव यांतलं एक निवडायची वेळ येते, तेव्हा पगाराची चिठ्ठीच खेळाडूला मैदानावर ठेवते. राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. ते नाव ज्या राज्याला सर्वांत जवळचं, त्या राज्याने या करंडकासाठी मणिपूरइतकी तयारी कधी केली, हा प्रश्न मराठी वाचकाने स्वतःला विचारायला हरकत नाही.

२०१७ मध्ये इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. पहिल्या मोसमात अंतिम फेरीत सहा संघ होते. त्यांत पुण्याचा एफसी पुणे सिटी होता आणि हरियाणातल्या अलखपुरा या गावाचाही. सगळे सामने दिल्लीतल्या आंबेडकर स्टेडियमवर अडीच-तीन आठवड्यांत उरकले. तरीही लीग टिकली आणि गोकुलम केरळने ती लागोपाठ तीनदा जिंकली. पण एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. पुरुषांच्या संघाचं दुकान उठलं की त्याच छपराखालचा महिला संघ आपोआप उठतो. हा प्रकार जगभर आहे आणि त्यावर पुस्तकात वेगळं प्रकरण आहे.

महाराष्ट्राने २०२२ या एकाच वर्षात महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा पाहिल्या. जानेवारीत मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आशियाई चषक झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. तीन दिवसांनी चिनी तैपेईविरुद्ध उतरायचं तर करोनाने संघ इतका पोखरला होता की लागणारे १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. यजमान संघ आपल्याच अंगणातल्या स्पर्धेतून बाहेर पडला आणि त्याचा इराणशी झालेला सामनाही रद्द धरला गेला. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. त्या वेळी गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. न खेळता परतल्या. महासंघाच्या कारभाराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. निलंबन उठलं आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत पार पडला. भारत तिन्ही सामने हरला, १६ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. त्या मुलींवर तोंडसुख घेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट तपासावी: समोरच्या ब्राझील-अमेरिकेच्या मुली वर्षाला किती सामने खेळतात आणि आपल्या किती.

कोल्हापूरबद्दल लिहिल्याशिवाय मराठी पुस्तक पुरं होत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, पेठा आपापल्या संघावर जीव टाकतात. पण यांतले बहुतेक संघ तालमींचे, आणि तालीम ही मुळात पुरुषांची जागा. तिथली मुलगी फुटबॉलपर्यंत पोचते ती शाळेच्या संघातून, आणि शाळा सुटली की मुलामागे जशी पेठ उभी राहते तशी तिच्यामागे राहत नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ने वस्त्यांतल्या मुलांबरोबर मुलींनाही चेंडू दिला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे बारसे घरोघरी माहीत झाले, तरी त्यांच्या कामातली मुलींची बाजू अजून कमीच लोकांना ठाऊक आहे.

आणि ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये भारताने थायलंडला, त्यांच्याच देशात, २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जागा मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ. १९८३ च्या बँकॉकचं उट्टं निघालं असं म्हणायचा मोह मला होतो, पण त्या सामन्यातल्या किती जणींची नावं आज आपल्याला सांगता येतील?

या पुस्तकातली मोठी पोकळी तीच आहे. प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकलो, कारण तिकडे कोणीतरी कात्रणं जपली, ग्रंथालयांनी ती घेतली, नातवंडांनी पेट्या उघडल्या. आपल्याकडे १९७५ ते १९९० या काळातल्या महाराष्ट्र आणि गोव्याच्या महिला संघांची नोंद तुकड्यातुकड्यांत आहे. या खेळाडू आज साठी-सत्तरीत आहेत. तुमच्या घरात, शेजारात किंवा नात्यात त्यांच्यापैकी कोणी असेल, तर त्यांच्याकडची प्रमाणपत्रं, संघाचे फोटो, सामन्यांची कात्रणं टाकू देऊ नका. फोटोमागे नावं आणि साल लिहून घ्या आणि एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा जिल्हा फुटबॉल संघटनेत द्या. पुढच्या आवृत्तीत तो काळ भरून काढायचा आहे.